सिस्टर, मला पाचारण (देवाचं बोलावणं) आहे की नाही?

वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

आधी एक खुलासा. काही वाचक मला ‘आदरणीय मदर’ म्हणून लिहितात, एकाने तर मठाचा पत्ता विचारला. मी नन नाही. मी नर्स होते, वॉर्डात सगळे सिस्टर म्हणत, तेच नाव या सदराला चिकटलं. माझं धर्मशास्त्राचं शिक्षण म्हणजे बायबल, मंडळीतला अभ्यासवर्ग आणि रात्रपाळीत पेशंट झोपल्यावर मिळालेला वेळ. उत्तरं त्याच बेताने घ्यावीत.

सिस्टर, प्रभूच्या नावात सलाम. लग्नाआधी मी शब्बाथशाळेत शिकवत होते, गायनमंडळात होते, तरुण संघाची चिटणीस होते. आता सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या आहेत आणि त्यांचं सगळं जागेवरच करावं लागतं. नवरा कामावर, मुलगा शाळेत, दोन दीर वेगळे राहतात. उपासनेलाही एकाआड एक रविवारी जायला मिळतं. मागे एका पाहुण्या वक्त्यांनी यिर्मया 29:11 वर प्रवचन दिलं. देवाने तुमच्यासाठी खास संकल्प योजला आहे, तो ओळखला नाहीत तर आयुष्य वाया जाईल, असं ते म्हणाले. घरी आले आणि चादर बदलताना रडू आलं. माझ्यासाठीचा संकल्प हाच का? खरं सांगायचं तर हे करताना मला आध्यात्मिक वगैरे काही वाटत नाही. कधी कधी नुसती किळस येते. त्यातून सासूबाईंचा स्वभाव कडक, अजूनही चुका काढतात. हे पाप आहे का? — एक भगिनी

भगिनी, किळसेचं आधी उरकून टाकू. पत्रात तुम्ही ती शेवटी लिहिलीत, पण टोचते आहे तीच जास्त. किळस पाप नाही. वास आला की पोटात ढवळतं, ही शरीराची रीत आहे आणि नर्सचं शरीर काही वेगळं नसतं. वॉर्डात नव्याने आलेल्या मुलींना मी सांगत असे, तोंड फिरवा, एक श्वास घ्या आणि परत पेशंटकडे वळा. आपल्या हातात तेवढं परत वळणंच असतं. तुम्ही ते रोज करता.

आता यिर्मया. ते वचन कॅलेंडरांवर आणि वाढदिवसाच्या कार्डांवर इतकं छापलं गेलंय की मुळात ते एका पत्रातलं वाक्य आहे, हे लोक विसरतात. एकोणतिसावा अध्याय पहिल्यापासून वाचा. इ.स.पूर्व 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून यखन्या राजाला आणि त्याच्याबरोबर सरदार, कारागीर, लोहार यांना धरून बाबेलास नेलं. परक्या मुलखात ही माणसं आपलं खरं आयुष्य पुन्हा कधी सुरू होणार याची वाट पाहत बसली होती. इकडे यरुशलेमेत हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, असं छातीठोकपणे सांगत होता. यिर्मयाने बाबेलच्या लोकांना पत्र धाडून कळवलं की सत्तर वर्षं लागतील. तोवर काय करायचं, तेही लिहिलं. घरं बांधून त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावून द्या. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. हे पाचव्या ते सातव्या वचनात आहे, सत्तर वर्षं दहाव्यात, आणि त्यानंतर येतं ते तुमच्या वक्त्यांचं अकरावं.

तुमच्याविषयीचे संकल्प मला ठाऊक आहेत, असं देव त्यांना म्हणतो. ते ठाऊक असण्याची जबाबदारी त्याने स्वतःकडे ठेवली. लोकांच्या हातात त्याने कुदळ दिली. पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांनी परतीचा दिवस पाहिलाही नसणार. त्यांनी मळे लावले, नातवंडं वाढवली आणि तिथेच डोळे मिटले. त्यांची आयुष्यं वाया गेली असं यिर्मया कुठेच म्हणत नाही. संकल्प ओळखला नाहीत तर आयुष्य फुकट, हे वाक्य त्या अध्यायात मी शोधलं. नाही सापडलं.

संकल्प हाच का, असं तुम्ही विचारता. कायमचा हाच की नाही, हे मला सांगता येणार नाही. आजचं काम मात्र हेच आहे, आणि आजच्या कामात देव हजर नाही असं समजायला काही आधार नाही. तुम्हाला त्यात काही ‘वाटत’ नाही, ही तक्रार मला उलट आश्वासक वाटते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा उजवीकडच्यांना सांगतो, मी आजारी होतो आणि तुम्ही माझा समाचार घेतलात. ते लोक गोंधळतात. प्रभू, आम्ही तुला आजारी कधी पाहिलं? त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्या घटकेला त्यांच्या मनात ना गीत होतं, ना रोमांच. समोर कोणीतरी आजारी होतं, एवढंच. चादर बदलताना तुमच्या मनात स्तोत्र उमटत नसेल, तर तुम्ही त्या उजवीकडच्या रांगेत अगदी शोभून दिसता.

कडक स्वभावाबद्दल लिझ्यूच्या संत तेरेजेची एक हकिगत सांगते. ही 1873 साली जन्मली, पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. परदेशात कुठे मिशनकार्य नाही, मठाबाहेर पाऊल नाही. तरी 1997 मध्ये पोपनी तिला चर्चच्या आचार्यांमध्ये स्थान दिलं. तिच्या मठात एक म्हातारी, पांगळी सिस्टर होती. तिला संध्याकाळच्या प्रार्थनेतून उठवून हाताला धरून भोजनगृहात न्यायचं काम कोणी घेईना, कारण बाई काही केल्या खूश होत नसे. भरभर चाललं तर ‘पाडशील मला’, हळू चाललं तर ‘तुझा हातच लागत नाही, तू फार लहान आहेस या कामाला’. ते काम मागून घेताना आपल्या जिवावर आलं होतं, हे तेरेजेने स्वतः लिहून ठेवलंय. मला ती आवडते ती या कबुलीमुळे. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की सिस्टरला वाकड्या झालेल्या हातांनी भाकरीचे तुकडे करता येत नाहीत. कोणी न सांगता ती ते करून द्यायला लागली आणि निघताना हसून निघायला लागली. म्हातारीचा विश्वास बसला तो त्या हसण्यावर. म्हणजे सासूबाई बदलतील असं नाही हं. तेरेजेची सिस्टर थोडी बदलली, माझे काही पेशंट शेवटपर्यंत शिव्याच देत गेले.

इथवर वाचून तुमचा नवरा आणि दोन्ही दीर मान डोलावत असतील, तर पुढचा परिच्छेद त्यांच्यासाठी. 1 तीमथ्य 5:4 मध्ये पौल लिहितो की एखाद्या विधवेला मुलं किंवा नातवंडं असतील तर त्यांनी आधी आपल्या घरच्यांशी सुभक्तीने वागायला शिकावं आणि आईवडिलांचे उपकार फेडावेत. मुलं आणि नातवंडं. सुनेचा उल्लेख मला तिथे दिसला नाही. सुभक्ती हा शब्द पौलाने वेदीसाठी किंवा व्यासपीठासाठी राखून ठेवला नाही, तो आईच्या खाटेपाशी आणून ठेवला आणि मुलांच्या गळ्यात घातला. आणि हे बायकी काम आहे असं कोणाला वाटत असेल, तर 1522 मध्ये मार्टिन ल्यूथरने लिहिलेलं त्यांना ऐकवा: बाप बाळाची लंगोटं धुवायला बसला की लोक त्याला बाईलबुद्ध्या म्हणून हसतात, पण तो ते विश्वासाने करत असेल तर देव आपल्या सगळ्या दूतांसह आनंदाने हसतो. (एकाच उत्तरात कॅथलिकांची तेरेजा आणि प्रोटेस्टंटांचा ल्यूथर. संपादकांना दोन्ही बाजूंनी पत्रं येणार.)

जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नव्हे, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातलं वचन तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच, किंवा एव्हाना ऐकवलंही असेल. ते दासांना लिहिलेलं आहे. ज्याच्या वाट्याला आलेल्या कामाला कोणी किंमत देत नाही, त्याला धीर द्यायला. चार ओळी खाली धन्यांनाही सांगितलंय की न्यायाने आणि समतेने वागा, तुमच्यावरही स्वर्गात धनी आहे. राबणाऱ्याने ते वचन स्वतःशी म्हणावं. दुसऱ्याला राबवून घेणाऱ्याने ते म्हणून दाखवू नये.

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा दूताने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. तेव्हा दिरांशी बोला. आठवड्यातला एक पूर्ण दिवस आणि काही रात्री त्यांनी घ्याव्यात, आणि सांगताना ‘जमलं तर’ हे शब्द वापरू नका. त्यांना शिकवायला लागेल ते शिकवा. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा, माकडहाड आणि खुब्याची हाडं रोज उजेडात पाहायची, तिथली कातडी लाल दिसली आणि दाबूनही पांढरी पडत नसेल तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. आणि लकव्याच्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. शब्बाथशाळेचं म्हणाल, तर मिळालेल्या त्या मोकळ्या दिवशी एक तास शिकवून या. ते तुम्हाला आवडायचं, हे पत्रावरून कळतं.

सिस्टर, मी 28 वर्षांचा आहे. एका विमा कंपनीत आरोग्यविम्याचे दावे तपासतो. दिवसभर स्क्रीन, कागद, शिक्का. मंडळीतले लोक म्हणतात, तुला वक्तृत्व आहे, पूर्णवेळ सेवेत ये. मलाही वाटतं, या कामात देवाचं काय आहे? नोकरी सोडू का? — एक तरुण वाचक

मुला, तुला ‘तू’ म्हणते, रागावू नकोस. लूकाच्या शुभवर्तमानात दोन जकातदार भेटतात. पाचव्या अध्यायात लेवी, नाक्यावर बसलेला. येशू त्याला म्हणतो, माझ्यामागे ये, आणि तो सगळं सोडून उठतो. एकोणिसाव्यात जक्कय, उंबराच्या झाडावर चढलेला. त्याला येशू म्हणतो, खाली उतर, आज मला तुझ्या घरी राहायचं आहे. जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, अन्यायाने घेतलेलं चौपट परत करायचं कबूल करतो. नाका सोडल्याचं मात्र त्याच्या गोष्टीत कुठे आलेलं नाही, आणि येशूनेही तसं सांगितलेलं नाही. धंदा एक, बोलावणं दोन तऱ्हेचं. जक्कयाला दुय्यम तारण मिळालं असं समजायची सोय लूकाने ठेवलेली नाही. आज या घराला तारण झालं आहे, हे शब्द त्याच्याच घरात उच्चारले गेले.

त्याआधी तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई येतात, आम्ही काय करावं विचारतात. रानात राहून टोळ खाणारा माणूस तो. त्याने सगळ्यांना रानात बोलावलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं. पण त्याचं उत्तर अगदी हिशेबी आहे: नेमून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांनो, दमदाटी करून पैसे काढू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या पगारात भागवा. पश्चात्तापाची फळं त्याने त्यांच्या रोजच्या टेबलावर मोजून दाखवली.

तुझ्या टेबलाची दुसरी बाजू मी वॉर्डातून पाहिली आहे. डिस्चार्ज कार्डावर तारीख चुकली, एका अक्षराने नाव वेगळं पडलं, की दावा अडकतो. मग पेशंटची बायको कागदांची पिशवी घेऊन डॉक्टर, रेकॉर्ड रूम आणि काउंटर अशा चकरा मारते. तिला ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढाच शेरा मिळालेला असतो. नेमका कोणता कागद कमी आहे, तो कोणाकडून आणायचा, कधीपर्यंत आणायचा, हे तिला कळेल अशा भाषेत तू लिहिलंस, तर तिचे हेलपाटे वाचतील. दावा नामंजूर करायचाच असेल तर कारण खरं आणि पूर्ण लिही, दाद कुठे मागायची तेही लिही. आणि कोणी लबाडीने बिलं फुगवून आणली असतील तर ती पकड. तो पैसा इतर विमाधारकांचा आहे. या कामात देवाचं काय, असं तू विचारतोस. तुझ्या स्क्रीनवरचा प्रत्येक नंबर कोणाच्या तरी उशाशी बसलेल्या माणसाचा आहे, आणि शेजाऱ्यावर प्रीती करायची आज्ञा त्याच्यापर्यंत टाइप केलेल्या दोन ओळींतून पोचते. तुला तो माणूस दिसत नाही, ही या कामाची खरी अडचण. म्हणून सकाळी संगणक सुरू होईपर्यंत त्या दिवशीच्या न दिसणाऱ्या माणसांसाठी मनात प्रार्थना कर. संगणक सावकाश सुरू होत असेल तर चांगलंच.

खोटी कारणं लिहून दावे फेटाळायला वरून सांगत असतील, तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर नोकरी सोडायला पाचारणाची वाट पाहायची गरज नाही.

आता ‘पूर्णवेळ’. पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवत होता. थेस्सलनीकाच्या मंडळीला तो लिहितो की तुमच्यावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केलं. त्याला अर्धवेळ प्रेषित म्हणायची माझी तरी छाती नाही. पाळकपणाला खरंच काही माणसं लागतात, आणि ती चांगली लागतात. त्यात तू असशीलही. पण वक्तृत्व ही त्याची खूण मानू नकोस. पाळकाच्या आठवड्यात प्रवचनाचा वेळ थोडा असतो. बाकीचा वेळ आजाऱ्यांच्या भेटी, मयत, नवराबायकोची भांडणं, मंडळीच्या जमाखर्चाच्या बैठका आणि तिथली रुसवीफुगवी यांत जातो. तुझ्या पाळकांना विचारून काही महिने त्यांच्याबरोबर हे सगळं करून बघ, विशेषतः ते जमाखर्चाचं. तेही कागदच असतात. तिथे जीव रमला, तर पुढचं पत्र मला नको, सेमिनरीला लिही.

मी पहाटे लवकर उठून प्रार्थनेला बसते, पण डोळे मिटले की दिवसभराची कामं रांग लावतात. मन अर्धा तासही टिकत नाही. मग दिवसभर अपराधी वाटतं. — एक वाचक

अर्धा तास? माझं त्याच्या निम्मंही टिकत नाही.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक धर्मबंधू होते. आधी सैनिक, लढाईत जखमी झालेले. मठात त्यांच्या वाट्याला मुदपाकखाना आला. स्वयंपाकाचा त्यांना स्वभावतःच तिटकारा होता, तरी वर्षानुवर्षं त्यांनी तेच काम केलं, पुढे बसून वहाणा दुरुस्त केल्या. कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ आपल्याला वेगळी वाटत नाही, असं ते म्हणत, आणि हेच त्यांचं म्हणणं सगळीकडे सांगितलं जातं. त्यांच्या पत्रांतली दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही: तिथवर पोचण्याआधीची पहिली दहा वर्षं त्यांना फार जड गेली. आणि भटकणाऱ्या मनाला त्यांचा उपाय साधा होता. मन गेलं की झोडपायचं नाही, शांतपणे परत आणायचं, पुन्हा गेलं की पुन्हा.

मी एक भर घालते. ती रांग लावणारी कामं हुसकून लावू नका. जवळ वही ठेवा, काम आठवलं की लिहा, आणि लिहितानाच ते प्रभूला सांगा: आज मुलाच्या शिक्षकांना भेटायचंय, मला भीती वाटते, आज जावेला फोन करायचाय, जिभेवर ताबा दे. दररोजच्या भाकरीची मागणी येशूनेच प्रार्थनेत घातली आहे, तेव्हा दिवसाची कामं प्रार्थनेत शिरली तर ती घुसखोर नव्हेत. रात्री तीच वही उघडून वाचा. कुठे उपकार मानावे असं काही घडलं, कुठे क्षमा मागायला हवी, ते तिथेच दिसेल. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या लोकांना रोजची अशी झडती घ्यायला शिकवलं होतं. तिला फार वेळ लागत नाही. आणि पहाटेला फार डुलकी येत असेल, तर सरळ झोपा आणि दुपारी बसा.

भांडी घासताना मी मोबाईलवर भक्तिगीतं लावते. आमचे हे म्हणतात, ही उपासना नव्हे, करमणूक आहे. कोण बरोबर? — एक गृहिणी

दोघंही. गाणं आवडतं म्हणून लावता, म्हणजे करमणूकच, आणि प्रभूला तिचं वावडं असल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. एखाद्या दिवशी मोबाईल बंद ठेवून तुम्हीच म्हणून पाहा, सूर चुकला तरी. यजमानांना मधल्या आवाजाच्या ओळी येत असतील तर बोलावून घ्या. फडकं ओट्यापाशीच असेल.